बाहेरगावचा एक प्रवासी

एकटीनं प्रवास करायला कला लागते आणि ती मला येते, असं रांकाग्वाच्या आमच्या शाळेत सगळ्यांना ऐकवूनच मी निघाले! वर्षभर चाळीस पोरांच्या चाळीस बासऱ्या एकदम ऐकणाऱ्या संगीताच्या बाईला दुसरं काय हवं असतं? आमच्याकडच्या ऐन हिवाळ्यातली जुलैची थंडी, दक्षिणेतलं मोठं तळं, सगळी हॉटेलं बंद आणि चार दिवस नुसती झोप. गुरुवारी शाळा उघडणार होती. तोवर मला माणसाचा आवाजसुद्धा नको होता.

तळ्याकाठी एर्मेलिंदाबाईंचं एकच घर पाहुण्यांसाठी उघडं होतं. बाई सत्तरीच्या, एकट्या. त्यांनी शेगडी पेटवून दिली, मी पांघरुणात शिरले. रविवारी सकाळी डोळे उघडले, तर दारात टोपी हातात धरून एक माणूस उभा!

"बाई, मी नेस्तोर. बोटवाला. बोटीत बसाल का?"

"मी झोपायला आलेय हो!"

"मग बोटीत झोपा की! आमची कुठे ना आहे?"

भानगड अशी होती, की बाहेरगावचा निदान एक प्रवासी असल्याशिवाय हिवाळ्यात बोट सोडायची नाही, असा नियम. जाताना तसा, येतानाही तसाच. अकरा दिवसांत इकडे कुणी फिरकलं नव्हतं. पलीकडच्या नऊ घरांतला गॅस संपला होता. थोडक्यात, मी म्हणजे साक्षात डिझेल होते.

"एकदाच हं!" मी बजावलं.

पाऊस आडवातिडवा. माझ्या एका बाजूला सिलिंडर, दुसऱ्या बाजूला पिठाची पोती आणि पायाशी कुणाची तरी डुकरीण. पलीकडे अख्खं गाव काठावर आलेलं! लाल भोपळ्याच्या गरमागरम सोपायपिया, म्हणजे तळलेल्या पुऱ्या, त्यांनी मला पोटभर खाऊ घातल्या. परतताना मात्र बोटीत सहा माणसं चढली. कुणाची दाढ दुखत होती, कुणाला चष्मा करायचा होता.

"नेस्तोर, ही माणसं परत कशी जाणार?"

नेस्तोरनं टोपी गोल फिरवली. "तुम्ही आहात ना बाई!"

सोमवारी त्या सहांना पोचवलं, तर त्यांच्यासोबत इकडचे चौघं पाहुणचाराला गेले. मंगळवारी त्या चौघांना आणायला निघाले, तर एर्मेलिंदाबाई खाऊची टोपली घेऊन बोटीत हजर!

"मीपण येते गं पोरी. बहिणीला भेटून येते. घराची किल्ली राहू दे तुझ्याकडे."

परत निघताना मात्र त्या काठावर आल्याच नाहीत. मी इतकी दमले होते, की बोटीतच पेंगले.

बुधवारी दहाची माझी बस. बॅग मांडीवर घेऊन मी खिडकीशी बसले. बाहेर नेस्तोर भिजत उभा होता. तो एर्मेलिंदाबाईंच्या बंद दाराकडे बघत राहिला. सत्तर वर्षांची म्हातारी पलीकडे अडकली, आणि बाहेरचा माणूस पुन्हा कधी येणार देव जाणे. मी गेले की बोट बंद.

"थांबवा हो!" मी ओरडले. मी उतरले आणि गुरुवारची शाळा घेऊन बस निघून गेली. पुढची बस शनिवारी.

पलीकडे बहिणीच्या स्वयंपाकघरात एर्मेलिंदाबाई शेगडीशेजारच्या बाकावर नाकापर्यंत पांघरूण ओढून पडल्या होत्या.

"चला, तुम्हाला न्यायला आले! तुमच्यासाठी बस सोडली मी!"

त्यांनी एक डोळा उघडला. "तुला कुणी सांगितला होता हा उपद्व्याप? वर्षभर पाहुण्यांची उस्तवार करते मी. हिवाळ्यात बोट बंद पडायच्या आत मुद्दाम इकडे येऊन अडकते. तेवढीच माझी झोप! तू गेली असतीस, तर पंधरा दिवस मला कुणी उठवलं नसतं!"

बाहेर नेस्तोर भोंगा वाजवत होता. मी खिडकी उघडली.

"नेस्तोर, आज बाहेरगावचं कुणी नाही!"

खिडकी लावली. बाईंनी जरा सरकून अर्धं पांघरूण दिलं. चार दिवसांनी शेवटी मी आडवी झाले.

झोप? छे हो! एर्मेलिंदाबाई घोरतात. त्यापुढे माझ्या चाळीस बासऱ्या म्हणजे अंगाईगीत!