शंभरच्या स्पीडला शांतता

कानवाल्यांनी गाडी गप्प करायचं ठरवलं, ते बायकोच्या पर्सच्या पट्ट्यामुळे.

कानवाले म्हणजे कानाच्या दवाखान्यात लोकांची ऐकण्याची चाचणी घेणारे गृहस्थ. त्यांचं खरं नाव पगाराच्या दिवशीच काय ते कुणाला आठवायचं. एरवी दवाखान्याच्या मालकीण डॉक्टर मॅडमपासून लिफ्टवाल्यापर्यंत सगळ्यांचे ते कानवाले. पेशंटला काचेच्या खोलीत बसवायचं, त्याच्या डोक्यावर हेडफोन चढवायचा, बाहेरून बटणं दाबायची आणि 'आवाज आला की बोट वर करा' म्हणायचं, हे त्यांचं काम. ती खोली इतकी शांत, की आत बसलेल्याला स्वतःच्या पोटातली गुरगुर ऐकू यायची. अशा शांततेच्या शेजारी उभा जन्म काढलेल्या माणसाने गाडी घेतली, आणि ती नेमकी बोलघेवडी निघाली.

तशी गाडी गुणाची होती. छोटी, स्वस्त, पेट्रोल चमच्याने पिणारी. गावात चालवताना तर लाजाळू वाटायची. पण हायवेला लागून काटा ऐंशीच्या पुढे सरकला की ती एकदम तोंड सोडायची. खालून टायर घोंगावायचे, पुढून इंजिन ओरडायचं, दारांच्या फटींतून वारा शिट्ट्या मारायचा, आणि डॅशबोर्डच्या आत कुणीतरी (कोण, ते बनवणाऱ्यांनाही माहीत नसावं) सतत दातावर दात आपटत बसायचं.

तर एका रविवारी दोघं हायवेवरून निघाले होते. बायको शेजारून काहीतरी म्हणाली.

"काय?" कानवाले ओरडले.

"पट्टा! दारात अडकलाय!"

कानवाल्यांना ऐकू आलं, 'रस्ता फारच कडक आहे.' ते खूश झाले. "मग! आत्ताच नवा केलाय! बघ आता कशी पळवतो!"

आणि त्यांनी पळवली. बायको हातवारे करत होती, ते तिला मजा येतेय असं समजून हसत होते. शेवटी गाडी थांबवून दार उघडलं, तेव्हा पर्स आत होती आणि तिचा पट्टा बाहेर. रस्त्यावर घासून घासून त्याचा बुटाच्या लेससारखा काहीतरी प्रकार झाला होता.

"मी सांगत होते," बायको शांतपणे म्हणाली. (ओरडली असती तर बरं झालं असतं, असं कानवाल्यांना वाटलं.) "दिवसभर जगाचे कान तपासता. आणि घरच्या माणसाचं एक वाक्य कळत नाही तुम्हाला."

"दोष कानांचा नाही गं, गाडीचा आहे!"

"मग तिला सांगा गप्प बसायला."

ती बोलली सहज, पण कानवाल्यांच्या डोक्यात दिवा पेटला. का नाही सांगायचं? आवाज हा आपला प्रांत! ध्वनी कुठून शिरतो, कशाने अडतो, हे आपल्याला कळायचं नाही तर कुणाला? दुसऱ्या दिवशी दवाखाना सुटल्यावर ते थेट गाड्यांचं सामान विकणाऱ्याच्या दुकानात जाऊन उभे राहिले.

"आवाज बंद करायचाय," ते म्हणाले.

"हॉर्नचा?"

"सगळा."

दुकानदाराने त्यांच्याकडे बघितलं, मग बाहेर उभ्या गाडीकडे, मग पुन्हा त्यांच्याकडे. "या गाडीचा? साहेब, त्यापेक्षा टेपरेकॉर्डर मोठा बसवून देतो. आवाजावर आवाज टाकायचा, काम खलास."

पण कानवाले आता कुणाचं ऐकणार नव्हते. त्यांनी पत्र्याला चिकटवायच्या काळ्या जाड शीट घेतल्या, फोम घेतला, दारांसाठी रबरी पट्ट्या घेतल्या आणि वासाने डोळ्यांत पाणी येईल असा डिंक घेतला.

त्याच आठवड्यात दवाखान्यात मोठी बातमी फुटली. मॅडम शेजारच्या शहरात नवं सेंटर काढत होत्या. रविवारी उद्घाटन. आणि त्या सेंटरला एक इनचार्ज लागणार होता! कानवाल्यांना स्वप्नं पडायला लागली. स्वतःचं केबिन, दारावर पाटी, आणि कदाचित पाटीवर खरं नाव! त्यातच मॅडमची गाडी नेमकी गॅरेजला गेली.

"रविवारी टॅक्सी सांगावी लागेल," मॅडम म्हणाल्या.

"टॅक्सी कशाला मॅडम? माझी गाडी आहे ना!" कानवाल्यांच्या तोंडून निघून गेलं. "आम्ही दोघं येतोच आहोत. आणि काय शांत आहे म्हणून सांगू! चालू आहे की बंद, कळत नाही!"

(त्या क्षणी गाडी चारही दारं सोललेल्या अवस्थेत पार्किंगमध्ये उभी होती.)

मग काय विचारता! संध्याकाळ झाली की कानवाले जुनी पँट चढवून गाडीत शिरायचे. सीट बाहेर काढल्या, गालिचा काढला, दारांची अस्तरं उपसली. पत्र्यावर शीट ठोकून बसवताना आवाज व्हायचा, म्हणून दवाखान्यातले स्पंजचे बोळे कानात कोंबायचे आणि रबरी हातोडीने धपाधप सुटायचे. वरच्या मजल्यावरचे पेन्शनर गॅलरीतून वाकून विचारायचे, "अहो, बंद कधी होणार आवाज?"

"रविवारपर्यंत!" कानवाले अभिमानाने सांगायचे.

शनिवारी संध्याकाळी शेवटची सीट जागेवर बसली. बायको चहा घेऊन खाली आली, तर बॉनेटवर वाटीभर स्क्रू आणि क्लिपा.

"हे काय उरलंय?"

"जास्तीचे असतात. कंपनी देते."

"आणि हे रबर?"

"ते पण."

कानवाले अंगभर डिंक, फोम आणि धुळीचा लेप घेऊन घरात आले आणि न्हाणीघरात शिरले. डोक्यावरून बादल्यांवर बादल्या ओतून त्यांनी अशी काही अंघोळ केली, की शेजारच्यांच्या नळाची धार करंगळीएवढी झाली. आणि बाहेर येऊन, एखादी लढाई जिंकल्यासारखे आडवे झाले.

रविवारची सकाळ अशी काही निवांत उजाडली म्हणता! कुकरची शिट्टी सौम्य, बायकोची हाक गोड, रस्त्यावरची रहदारी लांब कुठेतरी. 'माणूस आतून समाधानी असला की जगही हळू बोलतं,' असं कानवाल्यांना वाटलं. त्यांनी किल्ली फिरवली. गाडी नुसती थरथरली. आवाज? नाव नको!

"ऐकलंस?" त्यांनी बायकोला विचारलं. "काही ऐकू येतंय?"

बायकोचे ओठ हलले. कानवाले समाधानाने हसले.

मॅडम मागे बसल्या. गाव संपलं, हायवे लागला. ऐंशी! कानवाल्यांनी श्वास रोखला. शांत! नव्वद! शांत! शंभर! देवळाच्या गाभाऱ्यात बसल्यासारखं वाटत होतं. कुठे तो वारा, कुठे ते टायर, कुठे ते डॅशबोर्डमधलं भूत! कानवाल्यांचा ऊर भरून आला. हे मी केलं. या दोन हातांनी केलं. दवाखान्यातून आवाज मोजायचं मीटर आणलं होतं, ते डिकीत तसंच पडून होतं. मीटर हवंय कुणाला? हे कान काय शोभेचे आहेत?

आरशात त्यांनी बघितलं, तर मॅडमनी दोन्ही कानांवर हात ठेवले होते. 'शांततेत डोकं दाबून आराम करतायत,' कानवाले मनात म्हणाले. शेजारी बायकोच्या मानेच्या शिरा ताठ झाल्या होत्या आणि तिचं तोंड सारखं उघडत-मिटत होतं. 'गुणगुणतेय,' कानवाले म्हणाले.

मग मॅडम पुढे वाकल्या. दोन सीटच्या मधून डोकं काढून त्यांनी काहीतरी विचारलं. त्यांचा चेहरा लाल झाला होता.

मॅडमनी विचारलं होतं ते असं: "नव्या सेंटरची जबाबदारी घ्याल का?"

कानवाल्यांपर्यंत पोहोचलं ते एवढंच: "...तरची... काच... घ्याल का?" काच खाली घ्यायला सांगतायत! एवढी कष्टाची शांतता बाहेर सोडायची?

"छे छे मॅडम! अजिबात नको!" ते आनंदाने म्हणाले. "आहे तेच उत्तम आहे! उगाच कशाला नसती भानगड?" आणि 'काळजीच करू नका' म्हणून त्यांनी अंगठा वर करून दाखवला.

बायकोने त्यांच्या मांडीला असा चिमटा काढला, की गाडी दुसऱ्या लेनमध्ये गेली.

"अगं, हायवेवर मस्करी नको!" कानवाले लाजले. मॅडम मागे टेकून बसल्या आणि पुन्हा कानांवर हात ठेवते झाल्या. बायकोने कपाळाला हात लावला. तो तिने सेंटर येईपर्यंत काढलाच नाही.

सेंटरमध्ये फुलं, खुर्च्या, पाहुणे, अशी सगळी जय्यत तयारी होती. मधोमध नवीकोरी काचेची खोली. मॅडम माइकवर बोलल्या. सगळ्यांनी कानवाल्यांकडे वळून टाळ्या वाजवल्या, म्हणून कानवाल्यांनीही वाजवल्या.

"अहो, तुम्हाला बोलावतायत!" बायकोने त्यांच्या कानाशी तोंड नेऊन सांगितलं. "नव्या मशीनवर पहिली चाचणी तुमची! जा!"

कानवाले रुबाबात आत जाऊन बसले. हेडफोन चढवला. काचेपलीकडे स्वतः मॅडम बटणांवर आणि त्यांच्या मागे पाहुण्यांची गर्दी. आयुष्यभर दुसऱ्यांची बोटं वर करायला लावली, आज आपलं! कानवाले बोट सरसावून वाट बघत बसले.

आवाज येईना.

मॅडमनी बटण दाबलं. कानवाल्यांनी नम्रपणे नकारार्थी मान हलवली. मॅडमनी आवाज वर नेला, अजून वर, आणखी वर. पाहुणे टाचा उंचावून बघायला लागले. बोट आपलं जागच्या जागी. शेवटी कानवाले उठले आणि बाहेर येऊन हळू आवाजात (म्हणजे त्यांच्या मते हळू; मागच्या रांगेतल्या पाहुण्यांनाही स्पष्ट ऐकू आलं) म्हणाले, "मॅडम, मशीन बंद आहे! फसवलं आपल्याला!"

मॅडमनी हेडफोन स्वतःच्या कानाला लावला, बटण दाबलं आणि विंचू चावल्यासारखा तो दूर फेकला. मग त्यांनी कानवाल्यांना खुर्चीत बसवलं, त्यांचा कान ओढला, दुर्बिणीने आत बघितलं. दुसराही बघितला. मग समोर कागदावर लिहून दाखवलं:

'कानात बोळे घातले होते?'

"हो! हातोडीच्या आवाजाचा त्रास होतो ना!"

'मग डोक्यावरून अंघोळ?'

"हो! पण मॅडम, तुम्हाला कसं..."

आणि कानवाल्यांचं वाक्य तिथेच गळून पडलं. कारण पुढचं सगळं त्यांना तोंडपाठ होतं. बोळ्याने मळ आत ढकलला जातो, पाण्याने तो फुगतो आणि दोन्ही कानांना बूच बसतं, हे ते स्वतः पेशंटना रोज सांगत. दवाखान्यातल्या भिंतीवर त्याचा तक्ता होता. तक्ता त्यांनीच लावला होता.

पडद्याआड पिचकारी चालली. पाहुणे अदबीने थांबले. आणि एकदम, धरण फुटावं तसं जग आत आलं! पंखा, खुर्च्या, चमचे, कुजबूज, हसू, आणि त्या सगळ्यांवर स्वार होऊन बायकोचा आवाज, "...सकाळपासून घसा फोडून सांगतेय, हो म्हणा, हो म्हणा, तर हा माणूस मॅडमना सांगतो भानगड नको!"

"कशाला हो म्हणू?" कानवाल्यांनी विचारलं.

बायकोने सांगितलं. कानवाले मटकन खाली बसले. काच नव्हे, जबाबदारी! पाटी गेली, केबिन गेलं, खरं नाव गेलं. मग ते उठले आणि गर्दीतून वाट काढत मॅडमसमोर जाऊन उभे राहिले.

"मॅडम, मघाशी गाडीत मी जे बोललो ते..."

"काय बोललात?" मॅडम म्हणाल्या. "मला एक अक्षर ऐकू आलं असेल तर शपथ. माझे कान अजून वाजतायत. पण तुमचा अंगठा बघितला ना मी. झटकन वर! म्हटलं, वा, याला म्हणतात उत्साह. पहिल्या तारखेपासून रुजू व्हा."

कानवाल्यांनी तोंड उघडलं. बायकोने मागून त्यांचा शर्ट ओढला. कानवाल्यांनी तोंड मिटलं.

परतीला मॅडम एका पाहुण्यांच्या मोठ्या गाडीतून गेल्या. (जागा होती, म्हणाल्या.) कानवाल्यांनी किल्ली फिरवली, हायवे धरला, आणि ऐंशीला त्यांना आपल्या गाडीची खरी ओळख पटली. पहिल्यापेक्षा वाईट! टायर होते, वारा होता, डॅशबोर्डमधलं भूत होतं. शिवाय उरलेल्या क्लिपांच्या जागी आता चारही दारं आपापल्या सुरात गात होती.

पण इनचार्ज माणूस एवढ्याने खचतो की काय! उलट कानवाल्यांचा उत्साह दुप्पट झाला. "छत!" ते ओरडले. "छत राहिलं ना! सगळा आवाज छतातून येतोय! पुढच्या रविवारी छत उतरवतो, मग दारं पुन्हा, मग डिकी! दुहेरी थर देतो! काय म्हणतेस?"

बायकोने हसून मान डोलावली.

एवढी समजूतदार बायको! कानवाल्यांना भडभडून आलं. त्यांनी सगळा बेत तपशीलवार सांगितला, डिंक कुठला, फोम किती जाड, खर्च किती, कुठले कार्यक्रम रद्द करायचे. बायको प्रत्येक वाक्याला मान डोलवत होती. वाटेत पेट्रोलसाठी थांबले, तेव्हा कानवाले गदगदून म्हणाले, "मग ठरलं तर! छत!"

बायकोने उजव्या कानातून कापसाचा भलामोठा बोळा काढला.

"काय म्हणालात?" ती म्हणाली. "मॅडमनी दिलाय, खास घरी जाईपर्यंत. चालू द्या तुमचं."

आणि तिने तो परत घातला.