भाच्यापासून वाचवलेली व्होल्गा

डोकं वापरायचं ठरवलं तर माझ्या तोडीचा माणूस अख्ख्या मेर्के गावात नाही, हे मी आधीच सांगून टाकतो. माझी बायको राउशान म्हणते, "मग ठरवा ना एकदा!" तिच्याकडे दुर्लक्ष करा. मी करतो.

प्रश्न माझ्या व्होल्गाचा होता. ही गाडी वयाने माझ्याहून थोडी थोरलीच. फिकट आकाशी रंग, मोठाले गोल दिवे आणि बॉनेटवर झेप घेणारं चकचकीत हरीण! त्या हरणाला मी रोज सकाळी रेशमी रुमालाने पुसतो. रुमाल राउशानचा आहे, पण तिला तो तसाही शोभत नव्हता. गाडीसाठी अंगणात पक्कं छप्पर घातलं तेव्हा स्वयंपाकघर गळत होतं. गळू दे! स्वयंपाकघर काही गंजत नाही. आमचा मुलगा येरनुर जन्माला आला त्या दिवशी बाहेर चिखल होता, म्हणून राउशानला मी शेजाऱ्यांच्या दुधाच्या गाडीतून दवाखान्यात धाडलं. ही गोष्ट ती अजून पाहुण्यांना सांगते. बायका काय काय मनात धरून बसतील, सांगता येत नाही!

तर एके दिवशी माझ्या थोरल्या बहिणीचा, सौलेआपाचा फोन आला.

"जुमाबेक, आमच्या कुआनिशचं लग्न ठरलं रे!"

"वा! वा! छान झालं!"

"शनिवारी येतोय तो तुझ्याकडे. भाच्याच्या हक्काने काहीतरी मागायचंय म्हणतो."

माझ्या हातातला चहा सदऱ्यावर सांडला. आमच्यात भाच्याने मामाकडे आयुष्यात तीनदा काहीही मागावं आणि मामाने ते हसत हसत द्यावं, अशी रीत आहे. नाही म्हणणाऱ्या मामाला कुणी तुरुंगात टाकत नाही, पण पुढे मरेपर्यंत कुठल्याच कार्यात त्याच्या ताटात मटणाचा चांगला तुकडा पडत नाही. आमच्याच गल्लीतल्या एका मामाचा शर्यतीचा घोडा असा गेला. त्या भाच्याच्या घरावरून जाताना मामा अजून डोळे मिटून चालतो.

"काय मागणारेय?" मी विचारलं.

"ते त्याचं तोच सांगेल. पण तुला जड जाईल हो. काळजावर दगड ठेव."

काळजावर दगड! म्हणजे व्होल्गाच! नौरोजच्या सणाला याच कुआनिशने हरणाच्या पाठीवरून हात फिरवला होता आणि "मामा, काय जपलीय हो!" असं म्हणाला होता. त्याच्या बोटांचे ठसे घालवता घालवता माझा सण संपला.

मग मी डोकं वापरायचं ठरवलं. गाडी नुसती लपवून भागणार नव्हतं. पण जी वस्तू मामाची नाहीच, ती भाचा मागणार कशी? गाडी राउशानच्या धाकट्या भावाला, तोख्तारला देऊन टाकायची आणि लग्न उरकलं की गुपचूप परत आणायची! तोख्तार गावाबाहेर मेंढ्या पाळतो. गाडीतलं त्याला ओ की ठो कळत नाही.

"दाजी, हे नाटक आहे की खरं?" त्याने विचारलं.

"नाटकच! पण अगदी खऱ्यासारखं! कुणीही विचारलं तरी गाडी तुझी. दे शब्द!"

"कुणीही विचारलं तरी?"

"कुणीही!"

त्याने शब्द दिला. साधा माणूस, शब्दाला जागणारा. मला फार बरं वाटलं.

नाटकात कसर नको म्हणून शुक्रवारी मी मेंढा कापला, अर्धी गल्ली जेवायला बोलावली आणि शेजारच्या येसिर्केप आजोबांना मधोमध बसवलं. आजोबांनी दोन्ही तळवे पुढे धरले आणि खणखणीत आवाजात आशीर्वाद दिला, "गाडी तोख्तारला लाभो!" सगळ्यांनी चेहऱ्यावरून हात फिरवले. झालं! आता जगातला कुठलाही भाचा माझं काही वाकडं करू शकत नव्हता.

"अहो, खरंच दिलीत?" राउशान दारात उभी होती.

"खरंच दिली!" मी गल्लीच्या टोकापर्यंत ऐकू जाईल असा ओरडलो.

"आजोबांनी आशीर्वाद दिलाय. आता परत घेता यायची नाही हं."

"कोण घेतंय परत?"

तिच्या मागे येरनुर उभा होता. पंचवीस वर्षांचा घोडा झालाय, पण व्होल्गाच्या स्टिअरिंगला मी त्याला कधी हात लावू दिलेला नाही. त्याने आईकडे पाहिलं. आईने त्याच्याकडे पाहिलं. बिचाऱ्यांना धक्का बसला असणार, असं मला वाटलं.

शनिवारी कुआनिश आला. राउशानने मटण घालून बेशबरमाक केलं होतं, पुऱ्यांसारख्या तळलेल्या बाउरसाकांचा ढीग लावला होता. पण पोरगा ताटातला घास नुसता इकडून तिकडे फिरवत होता.

"मामा, कसं सांगू..."

"बिनधास्त माग!" मी छाती पुढे काढली. "टीव्ही घे! शिलाईमशीन घे! हा फ्रिज घे!"

"फ्रिज माझ्या माहेरचा आहे!" राउशान कडाडली.

"वस्तू नकोय हो मामा," कुआनिश मान खाली घालून म्हणाला. "लग्नात तेवढं... तुम्ही भाषण करू नका."

मी गारच पडलो. आमच्या लग्नात प्रत्येक नातेवाइकाने माइक हातात घेऊन दोन शब्द बोलायचे असतात. मामाचे दोन शब्द तर मानाचे!

"का रे? मी वाईट बोलतो?"

"गेल्या लग्नात तुम्ही व्होल्गाच्या गिअरबॉक्सवर बोलत होतात. मटण गार झालं. नवरीची आजी झोपेत खुर्चीवरून पडली."

"गिअरबॉक्सचा संसाराशी फार जवळचा संबंध आहे!"

"असेल मामा. पण मी भाच्याच्या हक्काने मागतोय."

दिलं. हसत हसत दिलं. अपमानाने माझे कान तापले होते, पण आतून उकळ्याही फुटत होत्या. व्होल्गा वाचली होती! कुआनिशला बाउरसाकांपाशी सोडून मी पायीच तोख्तारकडे सुटलो.

गाडी ठेवलेला तोख्तारचा गोठा रिकामा होता. एक कोकरू तेवढं माझ्याकडे बघत होतं.

"तोख्तार! गाडी कुठंय?"

"भाचा सकाळीच घेऊन गेला."

"वेड लागलंय का? कुआनिश माझ्या घरी जेवतोय!"

"तुमचा भाचा नव्हे, दाजी. माझा!"

उजेड पडायला मला जरा वेळ लागला. तोख्तार राउशानचा भाऊ. म्हणजे येरनुरचा सख्खा मामा!

"अरे गाढवा, तू शब्द दिला होतास!"

"तोच तर पाळला!" तोख्तार कळवळून म्हणाला. "येरनुरने विचारलं, मामा, गाडी कुणाची? तुम्ही सांगितलं होतं तसं मी म्हटलं, माझी. तो म्हणाला, मग भाच्याच्या हक्काने द्या. आता नाही कसं म्हणू? मलाही चार लोकांत मटण खायचंय, दाजी!"

मी तसाच माघारी फिरलो. पाय ओढत अर्ध्या रस्त्यात आलो तर समोरून हॉर्न वाजला. माझी व्होल्गा! स्टिअरिंगवर राउशान, शेजारी येरनुर आणि मागच्या माझ्या जपलेल्या सीटवर लग्नाच्या आहेराची एक लठ्ठ मेंढी.

"अगं, तुला गाडी चालवता कधीपासून येते?"

"तुम्ही कधी विचारलंत?"

"येरनुर, पोरा, झालं ते झालं. गाडी बापाला परत दे!"

"माझी कुठंय ती, बाबा? मी आईला दिली. येसिर्केप आजोबांनी आशीर्वादसुद्धा दिला. म्हणाले, या गाडीला आशीर्वाद देऊन देऊन माझे हात दुखले."

"बसायचं तर बसा मागे, गाडी घराकडेच वळवतेय," राउशान म्हणाली. "आणि दार हळू लावा. माझी गाडी जुनी आहे."

मी मेंढीशेजारी बसलो. ती सीटचं कव्हर चघळत होती आणि मला तिला हाकलायचीही चोरी होती, कारण मेंढीही राउशानची होती.

"राउशान," मी शक्य तितक्या गोड आवाजात म्हटलं, "रविवारी जरा मला चालवायला देशील?"

"बघू," ती म्हणाली.

घर येईपर्यंत मी वाडवडिलांच्या सगळ्या रीती आठवून पाहिल्या. भाच्याच्या आहेत, सुनेच्या आहेत, व्याह्याच्या आहेत, वाट चुकून दारात आलेल्या पाहुण्याच्यासुद्धा आहेत. पण नवऱ्याने काही मागितलं तर बायकोने नाही म्हणू नये, अशी रीत आमच्यात कुणी घालूनच ठेवलेली नाही!