मिशीचा पुरावा

गिरगावातल्या ॲलॉयशियस या चित्रकाराच्या घरून ते चित्र आमच्या परळच्या घरी टॅक्सीच्या डिकीतून आले. हा प्रवास मी पाहिलेला नाही, हे सुरुवातीलाच नोंदवते. तर्कशास्त्र शिकवणाऱ्या व्यक्तीने न पाहिलेल्या गोष्टींविषयी विधाने करू नयेत. (वर्गात हे मी दर वर्षी बजावते. घरी कोणी वही घेऊन बसत नाही.)

मी कॉलेजातून परतले तेव्हा चित्र सोफ्यावर पाहुण्यासारखे टेकले होते आणि माझा नवरा जयवंत समोर उभा होता.

"विकत घेतलंस?"

"नाही गं. बघायला आणलंय. पसंत पडलं तर ठेवायचं, नाहीतर रविवारी ॲलॉयशियस येऊन घेऊन जाईल."

"चित्र आहे की मुलगी?"

चित्रात एका चाळीची गॅलरी होती. कठड्यावर गोधड्या वाळत होत्या आणि एका दारापाशी बनियनमधला एक गृहस्थ स्टुलावर बसला होता. मी निर्णय दिला: रचना ढिली, आकाश अनावश्यक, आणि भिंतीवर आधीच कॅलेंडर आहे. परत.

एवढ्यात सासूबाई बाहेर आल्या. चष्मा पदराला पुसून त्या चित्रावर वाकल्या.

"गो मेघना, ही आमची गोधडी!"

आमचा टॉवर आज जिथे आहे तिथेच पूर्वी त्यांची चाळ होती. त्या चाळीत बिऱ्हाडे चेहऱ्यांवरून नव्हे, कठड्यावरून ओळखली जात. कोणाच्या दारासमोर कोणाची गोधडी, ही हद्द देशांच्या सीमेपेक्षा काटेकोर पाळली जाई. जिन्याशेजारच्या दारासमोर हिरव्या काठाची गोधडी, म्हणजे सासूबाईंचे, सुभद्राबाईंचे, दार. आणि त्या दारापाशी बसलेला गृहस्थ म्हणजे अर्थातच माझे दिवंगत सासरे.

"आई, हिरव्या काठाच्या गोधड्या गिरणगावात शेकड्यांनी असतील."

"असतले. पण बसणा बघ. एक पाय वर. चाय येयपर्यंत हलूचे नाय."

"या माणसाला मिशी आहे. मामंजींना मिशी नव्हती."

पुरावा निर्णायक होता. सासूबाईंनी फोन उचलला.

दुसऱ्या दिवशी चाळीतल्या जुन्या शेजारीण कमलमावशी हजर झाल्या. आपली बादली चित्रात नाही याबद्दल त्यांनी प्रथम चित्रकाराचा निषेध केला. मग मी त्यांना मिशीचा मुद्दा उदाहरणांसह समजावला.

"अगो, गावाक गेले तेव्हा ठेवली असतली मिशी!"

"गावाला गेले होते, तर गॅलरीत कसे बसलेत?"

"तू ना, जेवणात पण खडेच शोधशील," मावशी म्हणाल्या.

त्या गेल्यावर सासूबाई चित्रासमोर बसून राहिल्या. सासऱ्यांचा घरात एकच फोटो आहे, गिरणीच्या ओळखपत्रावरून मोठा केलेला. त्यात ते कॅमेऱ्यावर खटला भरणार असल्यासारखे दिसतात.

"त्या फोटोतले माका वळखीचे वाटणत नाय," त्या हळूच म्हणाल्या. "हे वाटतत."

मी त्यांच्यासाठी खोलीतला दिवा लावला. (तरी, वाटणे म्हणजे सिद्ध होणे नव्हे.)

शनिवारी सासऱ्यांची पुण्यतिथी होती. कॉलेजातून येऊन पाहते, तर फोटोला गंध, आणि चित्रालाही गंध! स्टुलावरच्या गृहस्थाच्या तांदळाएवढ्या कपाळावर अष्टगंधाचा ठिपका, आणि सोफ्यासमोर वडे व काळ्या वाटाण्याच्या सांबाऱ्याचे ताट.

"आई, हे उद्या परत करायचंय!"

"कर गो परत. म्हणून आज त्यांका उपाशी ठेवू?"

रविवारी सकाळी मी साबणाच्या पाण्यात कापूस बुडवून अत्यंत शास्त्रीय पद्धतीने गंध पुसायला घेतले. गंध जागचे हलले नाही. मिशी मात्र संपूर्ण निघून आली.

मागे सासूबाई चहा घेऊन उभ्या होत्या. त्यांनी बिनमिशीच्या गृहस्थाकडे पाहिले, मग माझ्याकडे.

"आता बोल."

बेल वाजली. ॲलॉयशियस आला होता. मी कापूस हातात धरूनच गुन्हा कबूल केला.

"तुमच्या चित्रातली मिशी माझ्याकडून पुसली गेली. भरपाई देईन."

तो वाकला. "मिशी? कोणाची?"

"स्टुलावरच्या माणसाची."

"मॅडम, ऑइल कलर आहे हा. साबणाच्या पाण्याने सुकलेला रंग जातो काय? आणि मी याला मिशी काढलीच नव्हती."

जयवंत छताकडे पाहत पुटपुटला, "डिकीत ग्रीसने माखलेली स्टेपनी होती खरी."

"मग हा माणूस आहे कोण?" मी विचारले. "चाळ कुठली?"

ॲलॉयशियसने तोंड उघडले. मग त्याची नजर कपाळावरच्या गंधाकडे गेली आणि तिथून सासूबाईंकडे. हातातला चहा विसरून त्या स्टुलावरच्या गृहस्थाकडे पाहत होत्या.

"चाळी खूप काढल्या मी, मॅडम," तो म्हणाला. "माणसं ज्याची त्याने ओळखायची. चहा मिळेल काय?"

मी कॅलेंडर उतरवले. खिळा बळकट होता.

तो गृहस्थ माझे सासरे असल्याचे सिद्ध झालेले नाही, हे मी प्रत्येक पाहुण्याला स्पष्ट सांगते. सासूबाई त्यावर लाडू पुढे करत म्हणतात, "आमची सून भारी शिकलेली. सासऱ्याक वळखूक तिका साबण लागलो."

मिशी कुठून आली, हेही अद्याप ठरलेले नाही. स्टेपनीवर दाट संशय आहे. पण डिकीतला प्रवास, म्हटले तसे, मी पाहिलेला नाही.