आदिवाणीतली हाक

गुढीपाडव्याला कडुनिंबाचा पाला चावता चावताच अंबादास मास्तरांनी ठरवून टाकलं, की आजपासून या घरात आपल्याशी कुणी मराठीत बोलायचं नाही. (तोंड कडू असताना माणसाने काही ठरवू नये. पण पाडवा साडेतीन मुहूर्तांपैकी एक, त्यामुळे कुणी अडवतही नाही.)

"मग कशात बोलायचं?" आक्कांनी विचारलं. आक्का म्हणजे मास्तरांची थोरली विधवा बहीण. घरातला शेवटचा शब्द त्यांचा असे, आणि बहुतेक वेळा पहिलाही.

"आदिवाणीत."

"म्हणजे तू न्हाणीघरात पुटपुटतोस ते?"

"बारा वर्षं पुटपुटलो," मास्तर म्हणाले, "आता बोलणार."

मास्तर शाहूपुरीतल्या एका हायस्कुलात संस्कृत आणि इंग्रजी शिकवत. संस्कृत, ग्रीक, लॅटिन, फारसी, इंग्रजी या सगळ्या एका आईच्या लेकी, ती आई हजारो वर्षांपूर्वी वारली, आणि लेकींच्या तोंडवळ्यावरून आपण तिला पुन्हा उभी करू शकतो, असं त्यांनी मनावर घेतलं होतं. मेलेल्या बाईला उठवून बोलती करण्याचा उद्योग भल्या माणसाने करू नये, हे त्यांना कुणी सांगितलं नाही. दाढी करताना, आंघोळ करताना, पेपर तपासताना ते एकेक शब्द घडवत आणि मोठ्याने घोकत. बाप 'पतेर', घोडा 'एक्व', चाक 'क्वेकल'. एका जाड वहीत हे सगळं उतरलेलं होतं. रथाच्या सतरा भागांना सतरा शब्द होते. लाटण्यापुढची जागा कोरी होती. मास्तरांना लाटण्याची कधी गरजच पडली नव्हती.

संस्थान विलीन होऊन चार वर्षं झाली होती आणि जो तो भाषावार प्रांतांवर भांडत होता. आपली आदिवाणी आली की भांडणच मिटेल, असं मास्तरांना वाटे. त्यांचे मित्र बसवराज, गुळाचे अडते, यांनी एकदाच शंका काढली होती.

"मास्तर, ह्यात आमचं कानडी कुटं बसतंय?"

"ते वेगळं कूळ. ते यात येत नाही."

"म्हंजे समद्यांची पंगत, आन् आमचं तेवढं पान न्हाई म्हणा की!"

आता घाई व्हायला कारण होतं. पुण्याचे एक नामांकित भाषापंडित वैशाखात कोल्हापुरास यायचे होते. त्यांचं कार्ड आलं होतं: "आपली भाषा अवश्य पाहीन. परंतु एकच मनुष्य बोलतो तीस भाषा म्हणता येत नाही. बोलणारी आणखी माणसे दाखवावीत." मास्तरांनी ते कार्ड बारा वेळा वाचलं. बारा वर्षांची मेहनत एका माणसावर अडली होती. एकच माणूस हवा होता, जो समोरून उत्तर देईल.

म्हणून तो पाडव्याचा नियम. त्याचा परिणाम असा झाला, की मास्तरांशी घरात कुणी बोलेनासंच झालं. ते "उद्र!" म्हणत, सरोजिनीबाई निमूट पाण्याचा तांब्या ठेवून जात. नंदिनी, त्यांची कॉलेजात जाणारी मुलगी, पुस्तकात डोकं घालून बसे. घर शांत झालं. (पुरुषाला घरात शांतता लाभली की ती आपणच मिळवली असं त्याला वाटतं.)

सरोजिनीबाई तशाही बोलत नसत. आक्कांपुढे सुनेने बोलायचं नाही, हा या घराचा जुना कायदा. बावीस वर्षांच्या संसारात त्यांचं मास्तरांशी बोलणं "अहो", "बरं" आणि "ऐकलं का" एवढ्यावर भागलं होतं.

आणि मग तो दुपारचा प्रकार घडला.

चैत्रातली सकाळची शाळा, त्यामुळे मास्तर साडेअकराला घरी. जेवून माजघरात लवंडले होते. बाहेर ऊन असं पडलं होतं की रस्त्यावर कुत्रंही नव्हतं. घड्याळात बाराचे ठोके पडले, आणि शेवटचा ठोका विरतो न विरतो तोच स्वयंपाकघरातून आवाज आला. बाईचा आवाज. तरणा, मोकळा, हसरा. या घरात तसा आवाज कुणाचाच नव्हता. तो आवाज आदिवाणीत बोलत होता.

मास्तरांच्या हातातला पंखा थांबला. प्रत्येक शब्द ओळखीचा होता, प्रत्येक शब्द त्यांच्या वहीतला. आणि वाक्याच्या शेवटी, सावकाश, चव घेऊन म्हणावं तसं ती बाई म्हणाली, "अंबादास."

मास्तर उठून बसले. या घरात त्यांना नावाने हाक मारणारं कोण होतं? आक्का 'अंबू' म्हणत. नंदिनी 'अप्पा'. पूर्ण नावाने हाक मारणारी एकच बाई होती, त्यांची आई, आणि तिला जाऊन एकोणीस वर्षं झाली होती.

भर बाराच्या वक्ताला हाक आली तर पहिल्या हाकेला ओ देऊ नये, हे कोल्हापुरात पोराटोरालाही ठाऊक आहे. मास्तरांनी ओ दिली नाही. भिंत धरून ते स्वयंपाकघराच्या दारापर्यंत गेले. आत कुणी नव्हतं. चूल विझलेली. परसाचं दार अर्धवट उघडं आणि कडी अजून हलत होती. शहाबादी फरशीवर ओल्या पावलांचे ठसे उमटले होते. मास्तरांच्या देखत ते एकेक करून वाळले आणि नाहीसे झाले.

संध्याकाळी त्यांनी बायकोला आदिवाणीतच विचारलं, दुपारी इथे कोण होतं? सरोजिनीबाईंनी खाली मान घालून पाण्याचा तांब्या पुढे ठेवला.

दुसऱ्या दिवशी ते गुळाच्या पेठेत बसवराजांकडे गेले. बसवराजांनी सगळं ऐकून घेतलं आणि दुकानाचं अर्धं दार ओढून घेतलं.

"मास्तर, कुनाला बोलू नगा. माज्या बी घरात ऐकू येतंय."

"काय ऐकू येतंय?"

"बायामान्सांचा आवाज. मराठी न्हाई, कानडी न्हाई. मी आत गेलो की गप. कारभारनीला, रुद्राणीला इचारलं, तर म्हनती, काय की बाई, मला न्हाई ऐकू आलं." बसवराजांनी कपाळ पुसलं. "तुमी काय उटवून ठिवलंय ओ मास्तर? लिंबू-मिरची बांदली मी दाराला. उपेग न्हाई."

त्यानंतर मात्र ती वाणी त्यांच्या मागेच लागली. नळावर घागर भरत असताना कुजबुज, मास्तर वळले की नुसता पाण्याचा आवाज. शेजारच्या भिंतीआडून एक शब्द, पलीकडच्या गल्लीतून त्याला उत्तर. एके दिवशी अंबाबाईच्या देवळात, दीपमाळेपाशी, दोन अनोळखी बाया परडी घेऊन उभ्या होत्या. मलकापूरच्या मोटारीने आलेल्या, पायांवर अजून वाटेची धूळ. एकजण दुसरीला आदिवाणीत म्हणाली, सावलीत ये, पाय भाजतील. मास्तर तिथेच खिळले. बायांनी त्यांच्याकडे पाहिलं. एकीने दुसरीचा हात दाबला आणि दोघी अगदी गप्प झाल्या. मास्तर घरी परतले ते चपला देवळातच विसरून.

सर्वांत भयंकर होती ती वही. एका सकाळी त्यांनी ती उघडली, तर लाटण्यापुढची रिकामी जागा भरलेली होती. रथाच्या कण्याला त्यांनी 'अक्स' शब्द दिला होता, आणि तिथे कोळशाच्या कांडीने लिहिलं होतं, 'अक्सिका', छोटा कणा. शब्द इतका अचूक घडवलेला होता, की मास्तरांना स्वतःला तो सुचला नसता. पुढची पानं चाळली. तवा, उंबरा, माहेर, जाऊ, कंटाळा, सगळ्यांना शब्द आले होते. काहींची मुळं संस्कृतात सापडेनात, ग्रीकमध्ये सापडेनात. कुठल्या पाताळातून आले होते कोण जाणे.

त्यांनी अक्षर ताडून पाहिलं. नंदिनीचं नव्हतं. आक्का लिहीत नसत. तानाबाई भांडीवाली, तिचा प्रश्नच नव्हता. सरोजिनीबाईंचं अक्षर ताडून पाहायचं त्यांना सुचलं नाही. बावीस वर्षांत त्यांनी ते कधी पाहिलंच नव्हतं.

"जाळून टाका ती वही," बसवराज म्हणाले.

मास्तर वही घेऊन चुलीपर्यंत गेलेही. पण जाळायची म्हणजे बारा वर्षं जाळायची, आणि पंडित तर परवावर आलेले. चुलीपुढे उकिडवं बसून वही छातीशी धरलेले मास्तर पाहून आक्का म्हणाल्या, "भूक लागलीय का रे, अंबू?"

शेवटी बसवराजांनी गडमुडशिंगीच्या कुण्या जाणत्याकडून मंतरलेलं लिंबू आणून दिलं. "हे अंगावरनं काडू नगा. पंडित गेल्यावर मग काय ते बगू."

पंडित बरोबर बाराला आले. जाड चष्म्याचे, उंच, नम्र गृहस्थ. पाटरांगोळी झाली, पानं वाढली. मास्तर धोतराच्या कनवटीला लिंबू खोचून पाटावर बसले. त्यांनी ठरवलं होतं, की प्रामाणिकपणे कबूल करायचं: बोलणारा दुसरा माणूस मिळाला नाही, आणि जे काही मिळालं आहे ते माणूस नाही.

"तर मग, मास्तर," पंडित वरणभात कालवत म्हणाले, "आपली ती भाषा—"

तेवढ्यात आतून तो आवाज आला. तोच तरणा, मोकळा आवाज. मास्तर दचकले, कनवटीतलं लिंबू निसटलं आणि गडगडत पंडितांच्या पानाशी जाऊन थांबलं. पंडितांनी ते उचललं आणि "वा, हेच हवं होतं" म्हणून सुरी मागितली. आत दुसरा आवाज बोलला, तिसरा हसला. पंडितांचा घास हातातच राहिला.

"ही कोणती भाषा?"

मास्तरांचा आवाज चिरकला. "तुम्हालाही ऐकू येतंय?"

"न यायला काय झालं? बाई म्हणतायत, पाहुण्यांना तूप कमी वाढलंय, एवढं अंदाजाने कळलं. पण भाषा ओळखीची नाही. किती जुनी वाटते!"

मास्तर पानावरून उठले. (भरल्या पानावरून उठू नये म्हणतात. पण भुताने तुपाची चौकशी केली तर शास्त्र काय सांगतं, ते कुठे लिहिलेलं नाही.) स्वयंपाकघराच्या दारात जाऊन त्यांनी पाहिलं. चुलीपाशी सरोजिनीबाई, परसाच्या दारात ओल्या पायांनी उभी तानाबाई, शेजारी नंदिनी, बसवराजांची रुद्राणी, आणि पाटावर बसून पुरण वाटणाऱ्या खुद्द आक्का.

"आक्का, तूसुद्धा?"

"मग काय! ह्या दोघी माझ्यासमोर माझ्याचबद्दल बोलत होत्या," आक्का म्हणाल्या, "मला कळायला नको?"

नंदिनीच पुढे आली. "अप्पा, बारा वर्षं तुम्ही घोकताय आणि आई ऐकतेय. तिला सगळं पाठ आहे. आक्कांपुढे तिला तोंड उघडायची बंदी मराठीत. या भाषेत बोलू नये असं कुणी सांगितलं होतं? तुम्ही पाडव्याला घरात मराठी बंद केलीत, तिने दुसऱ्या दिवशी तानाबाईंना शिकवायला घेतली. मग चैत्रगौरीची हळदीकुंकवं आली, आता बेचाळीस जणी बोलतात. रुद्राणीकाकूंनी माहेरी मलकापूरला नेली, अर्धे शब्द कानडीतले घातले."

"आमची लेक शेवंता सासूपुढं बोलती की ह्यातच," तानाबाई म्हणाली. "लई सोय हाय बगा, मास्तर."

मास्तर बायकोकडे पाहत राहिले. "आणि ती हाक? तू मला नावाने..."

सरोजिनीबाईंनी पदर सावरला, पण या वेळी मान खाली घातली नाही. "मराठीत नवऱ्याचं नाव घेतलं की त्याचं आयुष्य कमी होतं म्हणतात. या भाषेत तसं अजून कुणी म्हटलेलं नाही. म्हणून घेऊन पाहिलं. तुम्ही ओच दिली नाहीत."

पंडित केव्हाच वही काढून उंबऱ्यावर बसले होते. तीन तास त्यांनी बायांना प्रश्न विचारले. पोळी कशी लाटतात, जाऊ कशी असते, कंटाळा कशाला म्हणतात. बाया भडाभडा सांगत होत्या, एकमेकींना दुरुस्त करत होत्या, हसत होत्या. पंडित "अद्भुत!" म्हणत पानामागून पान लिहीत होते. आक्कांनी त्यांना एक शिवीही सांगितली.

मास्तरांचा ऊर भरून आला. एक माणूस हवा होता, इथे बेचाळीस मिळाल्या होत्या. न राहवून ते पुढे झाले, छाती काढली, आणि या क्षणासाठी बारा वर्षं जपून ठेवलेलं स्वागताचं पल्लेदार वाक्य, पतेर, एक्व आणि रथासकट, खणखणीत आवाजात म्हणून दाखवलं.

तानाबाईने पदर तोंडात कोंबला. रुद्राणी भिंतीकडे तोंड करून उभी राहिली. सरोजिनीबाई हळूच म्हणाल्या, "अहो, असं आता कुणी बोलत नाही."

पंडितांनी चष्मा वर केला, मास्तरांकडे आपुलकीने पाहिलं आणि त्यांच्या खांद्यावर थोपटलं.

"छान, छान. येईल हळूहळू. घरातच इतक्या चांगल्या शिकवणाऱ्या आहेत, मग लाजायचं कशाला?"