नाखवा मॅडमचा उताणा कॉम्प्युटर

आमच्या मजल्यावरच्या नाखवा मॅडमना झाकण असलेली कुठलीही वस्तू दिसली की ती उघडावीशी वाटते. बिघडलेली असलीच पाहिजे असं नाही. एकदा त्यांनी लिफ्टच्या बटणांची पट्टी सकाळी सकाळी सोडवली, आणि आमचे सेक्रेटरी आत अडकले. ते आतून बोंबलतायत आणि मॅडम बाहेरून शांतपणे सांगतायत, "ओरडू नका. श्वास वाया जातो."

मॅडमनी आयुष्यभर ठाण्यातल्या एका कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवलं. माहेर चेंदणी कोळीवाड्यातलं, म्हणजे मासळी साफ करायचा हात घरचा आणि वर पदवी. पुढे कॉलेजात बेडूक कापणं बंद झालं, मॅडम रिटायर झाल्या, खोपटला आमच्या शेजारी एकट्या राहायला आल्या आणि त्यांचे हात शिवशिवायला लागले. मिक्सर झाला, इस्त्री झाली, आमची डोअरबेल झाली. "आत बघितल्याशिवाय मत देऊ नये," हे त्यांचं ब्रीद. आईने माझ्यासाठी आलेल्या एका मुलीचा फोटो दाखवला, तेव्हाही त्या हेच म्हणाल्या. आई आठवडाभर त्यांच्याकडे फिरकली नाही.

मॅडमकडे एक जुना कॉम्प्युटर आहे. पडद्याच्या मागेच सगळं कोंबलेलं, वेगळा डबा नाही, असा. सोबत प्रिंटर. मजल्यावरच्या अर्ध्या लोकांची कामं त्याच्यावर चालायची. समोरच्या सावंतबाईंना फोनवरची अक्षरं दिसायची नाहीत, कुणाला पोराच्या परीक्षेचा अर्ज छापायचा असायचा. पण तो कॉम्प्युटर सुरू व्हायचा म्हणजे चहा उकळून, पिऊन, कप विसळून व्हायचा. मीच एकदा म्हटलं, "मॅडम, आतली हार्ड डिस्क बदला. नवी टाकली की पळेल."

"आतली?" मॅडमचे डोळे चमकले. तिथेच मी सावध व्हायला हवं होतं.

पुढच्या रविवारी बेल वाजली. "निखिल, ये. पोट उघडायचंय." त्या आत वळल्यासुद्धा.

मी गेलो आणि दारातच थिजलो. कॉम्प्युटर पलंगावर चादरीवर उताणा, उशाशी टेबललॅम्प. मॅडमच्या अंगावर प्रॅक्टिकलचा जुना पांढरा कोट. आणि पडद्याच्या काचेवर वरच्या दोन कोपऱ्यांत बाथरूममधले टॉवेल अडकवायचे रबरी हुक चिकटवलेले!

"मॅडम, हे काय?"

"काच लोहचुंबकावर बसलीय. व्हिडिओत बघितलं. ओढ."

"मी?"

"मग काय बेडूक ओढणार?"

मी डोळे मिटून ओढलं. फट्‌ आवाज झाला आणि अख्खी काच माझ्या हातात आली. मला वाटलं, फुटली. मॅडम मात्र एकदम माहेरच्या बोलीत ओरडल्या, "निंगाली रं, निंगाली!"

मग स्क्रू. एकेक स्क्रू त्या थर्मोकोलवर टोचत होत्या. वरचा वर, डावा डावीकडे, जसा देहात होता तसा. खालचा पडदा उचलला तर त्याला मागून बारीक वायरी. मॅडम चिमट्याने त्या सोडवताना पुटपुटत होत्या, "ही नस... ही पण नस... हलू नको रे, तू हललास की पेशंट हलतो."

जुन्या डिस्कमधलं सगळं आदल्या दिवशीच नवीवर उतरवून घेतलेलं. ही नवी एसएसडी, म्हणजे आत काहीही न फिरणारी डिस्क, पत्त्यांच्या जोडाएवढी. जुनीच्या खोबणीत ती हरवूनच गेली. मॅडमनी ती दोन बाजूंनी चिकटणाऱ्या टेपने बसवली, परत सगळं मिटवलं, आणि बटण दाबलं.

भर्रर्र! असा आवाज की खोपट डेपोतली एखादी एसटी घरात शिरलीय. आतला पंखा पिसाटला होता. मी धावत जाऊन मेन स्विच बंद केला. शेजारून आईची हाक, "अरे, काय फुटलं?"

मॅडम पलंगावर बसून विचार करत होत्या. "ताप मोजायची वायर राहिली," त्या म्हणाल्या. "त्याला वाटतंय आपण पेटलोय." पुन्हा रबरी हुक, पुन्हा फट्‌, पुन्हा नसा. ती वायर नव्या डिस्कला चिकटवली, आणि या वेळी कॉम्प्युटर गुपचूप सुरू झाला. चहाचं पाणी तापायच्या आत! मी टाळ्याच वाजवल्या. मॅडमनी कोटाची बटणं सोडली आणि अख्ख्या मजल्याला पेढे वाटले.

त्यानंतर महिनाभर मी कामात होतो. मग एका सकाळी आईचा एक कागद छापायला त्यांच्याकडे गेलो. मॅडमनी बटण दाबलं. पडदा करडा. करडाच. आतून कुरकुर, कुरकुर आवाज.

नव्या डिस्कला आवाज नसतो. मी हादरलो.

"मॅडम! जुनी परत बसवलीत?"

"नवी मानवली नाही त्याला."

"असं कसं? छान चालत होता. दाखवा, मी बघतो."

"नको." त्या प्रिंटरवरची नसलेली धूळ पुसायला लागल्या. बराच वेळ पुसत राहिल्या. मग म्हणाल्या, "चांगली चालत होती रे. फार चांगली. सावंतबाई परवा आल्या, कागद घेतला, गेल्या. चपलासुद्धा काढल्या नाहीत. पूर्वी त्यांच्या सुनेचं सगळं ऐकायला मिळायचं. तुझी आई पण दारातूनच निघून गेली, म्हणाली, झालं की लगेच, कशाला तुम्हाला त्रास." त्यांनी फडक्याची घडी घातली. "दिवसभरात माझा आवाज मलाच ऐकू येईनासा झाला."

एकट्याने ती काच काढायची, सगळ्या नसा सोडवायच्या, आणि मशीन मुद्दाम पुन्हा हळू करायचं. या बाईने हे कधी केलं असेल, कसं केलं असेल?

"घाईत आहेस का?" त्यांनी विचारलं.

खिशात फोन थरथरत होता. ऑफिसची मीटिंग सुरू झालेली.

"छे," मी म्हटलं आणि खुर्ची ओढली. "सावंतांच्या सुनेचं काय झालं शेवटी?"