जीपवरचं मुक्कामी छप्पर

सासऱ्यांनी मुक्कामाला थांबावं म्हणून त्यांच्याच जीपचं छप्पर कापणारा जावई अख्ख्या पिंपरी-चिंचवडमध्ये मी एकटाच! हसू नका. योजना एकदम चोख होती. चाकणला प्रेस शॉपमध्ये पत्रा वाकवण्यात माझी अर्धी हयात गेलीय, एक छप्पर म्हणजे काय विशेष?

माझे सासरे उद्धवराव परांड्याजवळच्या गावात राहतात. सासूबाई गेल्यापासून एकटेच. आपल्या जुन्या फोर बाय फोर जीपमधून आमच्याकडे काळेवाडीला येतात, लेकीच्या हातचं पोटभर जेवतात, आणि हात धुतला की किल्ली खिशातून बाहेर!

"अप्पा, आजच्या दिवस राहा ना," स्वरूपा, म्हणजे माझी बायको, दरवेळी म्हणते.

"लेकीच्या घरी मुक्काम करायचा नसतो, पोरी. आमच्यात चालत न्हाई."

संपलं! मग ह्या वयात एवढा रस्ता अंधारात एकट्याने हाकायचा. पोचल्याचा फोन येईपर्यंत स्वरूपा पुसलेला ओटा पुन्हा पुन्हा पुसत राहते. मागच्या खेपेला तर फोन आलाच नाही. डुलकी लागली म्हणून मामा (सासऱ्यांना मी मामाच म्हणतो) रस्त्याकडेला जीप लावून स्टेअरिंगवरच झोपले होते. सकाळी ते कळल्यावर स्वरूपा जी रडली, ते माझ्याच्याने बघवेना.

आणि तिथेच मला सुचलं! लेकीच्या घरी राहायचं नाही ना? मग स्वतःच्या जीपमध्ये राहा की! जीप त्यांच्या नावावर, चाकं त्यांची, हॉर्न त्यांचा. आम्ही फक्त खाली पार्किंगमध्ये जागा दिली. आत गादी टाकायची आणि छप्पर असं करायचं, की कडी काढली की मागून वर उचललं जाईल, बाजूने ताडपत्री ताणली जाईल. माणूस आत उभा राहून धोतर बदलेल! नियमही शाबूत, सासराही शाबूत!

योगायोगाने इंजिनाच्या कामासाठी जीप माझ्याकडेच होती. खंडेनवमीला मामा एसटीने येणार, पूजा करणार आणि जीप घेऊन जाणार, असं ठरलेलं.

मदतीला आमच्या खालच्या मजल्यावरचा समाधान. वेल्डिंगमध्ये त्याचा हात धरणारा कुणी नाही. पण घोळ असा, की मी पहिल्या शिफ्टला आणि तो दुसऱ्या शिफ्टला! म्हणजे सकाळी तो छपरावर काम करायचा, दुपारनंतर मी. मी परततो तेव्हा तो कंपनीच्या बसमध्ये, आणि कंपनीत गेलं की फोन गेटवरच्या लॉकरमध्ये. तिथे शिफ्ट सुटताना पुढच्या माणसाला निरोप दिल्याशिवाय आम्ही मशीन सोडत नाही. पण घरच्या कामाला कसला आलाय निरोप! म्हटलं, समोर दिसतंच की काय झालं ते.

छप्पर उचलून धरायला, गाडीच्या डिकीला असतात तसे गॅसचे दांडे लावायचे होते. खंडेनवमीच्या आदल्या दिवशी मी चाकणजवळच्या निघोज्याहून मस्त दणकट जोडी आणली आणि बसवली. नंतर छप्पर मिटायला गेलो, तर ते खाली येईना! लोंबकळलो. ढिम्म! शेवटी वॉचमन यशवंतराव आणि पहिल्या मजल्यावरचे सुजित-अजिंक्य ह्या सगळ्यांना वर बसवलं, तेव्हा कुठे छप्पर कण्हत खाली आलं. मी झटकन मागची कडी लावली.

"अहो, एवढं कडक असतं का?" स्वरूपाने विचारलं.

"नवीन आहे ना! वापरून सैल होईल," मी इंजिनीअरच्या थाटात सांगितलं.

सकाळी मामा आले. पांढरी टोपी, कडक इस्त्री, हातात झेंडूचे हार. छप्पर मी त्याच रंगात रंगवलेलं, त्यामुळे त्यांना काही दिसलं नाही. म्हटलं, जेवण झालं की गोडीत सांगू. त्यांनी बॉनेटवर स्वस्तिक काढलं, समोर हार घातला, नारळ वाढवला. स्वरूपाने पेढ्यांचा खोका छपरावर ठेवला. समाधान बॉनेटपाशी हात जोडून उभा.

"स्टेपनीलाबी हार पायजे," म्हणत मामा मागे गेले. "आरं वा, जावईबापू! हाराला कडी केलीसा व्हय!"

"मामा, ती नको..."

पण मामांनी हाराची दोरी कडीत ओवून गच्च गाठ मारली होती आणि नीट बसली का बघायला एक हिसका दिला.

धाडकन्! छप्पर वर! हार वर! दोरी धरलेले मामा चवड्यांवर! त्यांची टोपी उडून यशवंतरावांच्या पायाशी पडली. पेढ्यांचा खोका उतारावरून घसरत थेट समाधानच्या जोडलेल्या हातांवर फुटला. हार तुटला आणि मामांच्या डोक्यावर झेंडूचा पाऊस!

"भावा, किती दांडे लावलेस?" मी समाधानवर ओरडलो.

"एक जोडी! काल सकाळीच लावली, मागच्या बाजूने, ताडपत्रीच्या आत. म्हटलं, तुझं काम हलकं होईल!"

"आणि मी पुढून लावली राव!"

एकमेकांचं काम हलकं करता करता आम्ही ट्रॅक्टर उचलेल एवढा जोर सासऱ्यांच्या जीपवर लावून ठेवला होता!

मामा उघड्या छपराकडे बघत होते. केसांत पाकळ्या.

"माजी गाडी कापली?"

स्वरूपाच पुढे होऊन म्हणाली, "अप्पा, तुम्ही रस्त्यात झोपलात त्या दिवसापासून हे दोघं खपतायत. तुम्ही घरी राहत नाही, म्हणून तुमच्याच गाडीत गादी केलीय."

मामा आत चढले. गादीवर आडवे झाले. पाय लांब केले.

"जावईबापू," आतून आवाज आला. "गाडी माजी. पर ह्ये छप्पर कुणाचं?"

"मी बसवलं, म्हणजे... माझंच."

"मंजी मी लेकीच्या छपराखाली निजलो."

गेलं! सगळी योजना पाण्यात! स्वरूपाने पदर तोंडाला लावला. समाधान तोंडातला पेढा गिळायचा विसरला.

मामा खाली उतरले. डोळे ओले होते, पण आवाज ठणठणीत. "मोडला न्हवं नेम? आता मोडलाच हाय, तर हितं डासांत कशापायी मरू? वर पंख्याखाली निजतो. तुजी आई असती तर मला लई आधीच मोडायला लावला असता."

स्वरूपा त्यांच्या गळ्यात पडली. तिला इतकं खूश मी लग्नातही पाहिलं नव्हतं. देवाचे, समाधानचे आणि त्या जास्तीच्या दांड्यांचे आभार मानावेत तेवढे थोडेच!

मामा आता दिवाळी करूनच जाणार आहेत. पण आमचं घर एका खोलीचं. पलंगावर मामा, खाली स्वरूपा, आणि मी? मी पार्किंगमध्ये असतो. गादी छान आहे. डास मात्र खरंच फार आहेत हो!