डोंगर चढणारी गाडी तळघरात

"डोंगर चढते, नदी ओलांडते, ती काय तुझ्या बाजाराला नाही म्हणणार आहे?" चष्म्याच्या दुकानाचे मालक, म्हणजे आपले चष्मेवाले, बायकोला छातीठोकपणे म्हणाले. चालवून बघायला आणलेली ती धिप्पाड गाडी दारात उभी होती, बिनबोलावता जेवायला आलेल्या पैलवानासारखी!

"आपल्याला रोज कुठला हो डोंगर लागतो?" बायको म्हणाली. "आजचा दिवस बघू. कुठे अडली नाही तर घ्या. अडली, तर आपली छोटी गाडीच बरी."

लहानपणापासूनचं स्वप्न ते! चष्मेवाल्यांनी देवाला मनोमन हात जोडले, पण मागायचं ते मागण्याऐवजी, "आता बघच!" असं त्यालाच बजावलं. देव हसला असणार.

सासूबाईंचे आणि दोन्ही मेहुण्यांचे डोळे त्याच दिवशी तपासायचे होते. तिघंही खात्यापित्या घरची. बायकोसकट सगळी आत बसली, तशी गाडी सुस्कारा टाकून खाली दबली आणि दुकानाखालच्या पार्किंगमध्ये बिळात नाग शिरावा तशी सरसर शिरली. दाराशी उंचीची पाटी होती. पण लोकांना दिवसभर बारीक अक्षरं वाचायला लावणाऱ्या या गृहस्थांना ती दिसली नाही!

डोळे तपासून मंडळी बसने घरी गेली. संध्याकाळी चष्मेवाले एकटेच गाडी घेऊन निघाले, आणि दाराशी डोक्यावर 'खर्रर्र!' टपावरचं कॅरिअर तुळईला घासलं.

"सकाळी आत गेली होती! तुमची इमारत खचली!"

"खचली असती तर वरचे लोक आधी ओरडले असते, साहेब," रखवालदार म्हणाला. मागे हॉर्नचा गोंगाट सुरू झाला. सकाळी वेगळं काय होतं? चष्मेवाल्यांनी डोळे मिटले, तर समोर साक्षात सासूबाई! त्यांनी घाईघाईने फोन लावला.

"अगं, आईंना आणि मेहुण्यांना घेऊन ये. फिरायला नेतो."

"मग घरी येऊन न्या की!"

"नको, नको! इथूनच खरी मजा आहे."

सासूबाई ठेवणीतली साडी नेसून आल्या. "जावई असावा तर असा!" म्हणत दोन्ही मुलांसकट गाडीत बसल्या. चष्मेवाले खिडकीतून मान काढून वर बघत होते. "आई, जरा मागे सरकता? हं... अजून थोडं..."

तेवढ्यात रखवालदार ओरडला, "साहेब, वजन जरा कमीच पडतंय!"

"कसलं वजन, जावईबापू?"

चष्मेवाल्यांना त्या क्षणी नदी ओलांडणं सोपं वाटलं. बायकोने मात्र सगळं ओळखलं. बाहेर उभी होती ती पुढच्या सीटवर येऊन बसली, गाडी बोटभर खाली गेली आणि अलगद बाहेर पडली.

दुसऱ्या दिवशी शोरूममधल्या माणसाने किल्ली परत घेताना विचारलं, "रोजच्या वापराला काही अडचण वाटली का?"

"छे! गाडी उत्तम आहे," चष्मेवाले चष्मा पुसत म्हणाले. "फक्त आमच्या सासूबाई रोज मोकळ्या नसतात."